नकाशा आणि जमाखर्च: पाचगणीकरांनी दोन्ही कागद एकत्र वाचावेत

पाचगणीत कुणी हॉटेलवर मजला चढवला, कुणाच्या प्लॉटवर आरक्षण पडलं, नाक्यावरची पावती महागली, की दिवसभर बाजारात त्याचीच चर्चा असते. फेब्रुवारीत नगरपरिषदेची अर्थसंकल्पी सभा होते तेव्हा मात्र प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या असतात. विकास योजनेचा नकाशा भिंतीवर लागतो तेव्हा लोक आपापला सर्व्हे नंबर शोधतात, त्यावर रंग नाही ना एवढं बघतात आणि घरी जातात. गावाचा जमाखर्च आणि गावाचा नकाशा हे दोन वेगळे विषय आहेत असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे एकाच व्यवहाराचे दोन कागद आहेत. नकाशावर जे रंगवलं जातं त्याचं बिल पुढे अंदाजपत्रकात येतं, आणि अंदाजपत्रकात ज्याला पैसे नाहीत ते नकाशावर कितीही वर्षं राहिलं तरी जमिनीवर उतरत नाही.

हे सगळीकडेच खरं आहे, पण पाचगणीत जरा जास्तच. १८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या गावांच्या परिसरात हे थंड हवेचं ठिकाण वसवलं. तेव्हा हिशेब होता तो पावसाळ्यात महाबळेश्वर सोडून खाली येणाऱ्या थोड्या कुटुंबांचा. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे पंधरा हजार होती. मे महिन्यातल्या किंवा डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी टेबल लँडच्या रस्त्यावर उभं राहिलं, तर हा आकडा किती तोकडा आहे ते कळतं. गटार, रस्ते, कचरागाड्या, स्वच्छतागृहं लागतात ती त्या शनिवारच्या गर्दीसाठी. सरकारी अनुदान मोजलं जातं ते मुख्यतः जनगणनेच्या डोक्यांवर. पर्यटक जनगणनेत आपल्या मुंबई-पुण्याच्या घरी मोजला जातो, त्यामुळे त्याच्या नावाने येणारा पैसाही तिकडेच जातो. गंमत अशी की निवासी शाळांतली मुलं वसतिगृहात राहतात म्हणून ती जनगणनेत पाचगणीची धरली जातात. म्हणजे लोकसंख्येच्या हिशेबात शाळा गावाला हात देतात आणि हॉटेलं देत नाहीत.

ही मूळ अडचण डोक्यात ठेवली की बाकीच्या संज्ञा समजायला सोप्या जातात.

नगरपरिषदेकडे पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट स्वतःच्या उत्पन्नाची: घरपट्टी, गाळ्यांची भाडी, परवानग्यांचं शुल्क, पार्किंग, पर्यटकांकडून घेतला जाणारा कर. दुसरी वाट सहायक अनुदानाची. पूर्वी नगरपालिकांचा मोठा आधार जकात होता. १९९९ मध्ये राज्याने नगरपरिषदांची जकात बंद केली आणि बदल्यात अनुदान देऊ केलं. ते मुख्यत्वे पगारात जातं. तिसरी वाट योजनांच्या निधीची: वित्त आयोग, जिल्हा नियोजन समिती, नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामांचा निधी, स्वच्छ भारत अभियान, अमृत वगैरे. पुढाऱ्यांच्या फलकावर ‘अमुक कोटींचा निधी खेचून आणला’ असं जे लिहिलेलं असतं, ते या तिसऱ्या वाटेचं.

तिसऱ्या वाटेच्या पैशाला बांधलेलं दावं असतं. ज्या कामासाठी आला त्यालाच तो खर्ची घालायचा. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने पाचगणीसारख्या लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग असाच बांधून दिला होता. ३० टक्के पिण्याचं पाणी, पर्जन्यजल संधारण आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी, ३० टक्के स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. उरलेले ४० टक्के स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येत होते, पण तेही पगारावर नाही. शिवाय अटी होत्या. लेखे वेळेवर संकेतस्थळावर टाका आणि मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढवून दाखवा. म्हणजे घरपट्टीची वसुली ढिली पडली की नुकसान दुहेरी होतं, घरचंही जातं आणि दिल्लीचंही अडतं. निवडणुकीच्या वर्षात ‘घरपट्टी वाढवू देणार नाही’ म्हणणाऱ्या उमेदवाराला हा प्रश्न जरूर विचारावा.

आता घरपट्टीकडे येऊ, कारण नागरिकाच्या हातात प्रत्यक्ष येणारा कागद तोच. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत आणि औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा आपला मूळ कायदा. त्यातली सर्वसाधारण पद्धत अशी: तुमची इमारत भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडं येईल याचा अंदाज धरायचा, हे वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरतं ते करयोग्य मूल्य. या करयोग्य मूल्यावर नगरपरिषदेने ठरवलेल्या टक्क्याने कर. समजा, एका घराचं भाडेमूल्य महिना ६,००० रुपये धरलं. वर्षाचे ७२,०००, त्यातून ७,२०० वजा, करयोग्य मूल्य ६४,८००. कराचा दर २० टक्के धरला तर १२,९६० रुपये. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, तुमच्या बिलावरचे तुम्ही बिल समोर ठेवून पाहा. कायद्यात भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर कर लावण्याचीही सोय आहे. आपल्या गावात कोणती पद्धत चालू आहे हे बिलावरच्या रकान्यांतूनच कळतं.

बिलावर याखेरीज शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर असे रकाने असतात. शिक्षण आणि रोजगार हमीचा कर नगरपरिषद फक्त गोळा करते, तो राज्याच्या तिजोरीत जातो. त्यामुळे ‘एवढी घरपट्टी भरतो, दारापुढचा रस्ता का होत नाही’ असं भांडायला जाताना त्या रकमेतली गावाची किती आणि राज्याची किती हे आधी वेगळं काढून घ्यावं. मुख्याधिकाऱ्यांसमोर बोलताना मग जोर येतो.

बिल थकलं तर दरमहा २ टक्के शास्ती लागते. वरच्या उदाहरणात महिन्याला २५९ रुपये, वर्षाला तीन हजारांच्या वर. वर्षाकाठी हे २४ टक्के होतात. गृहकर्ज याच्या निम्म्याहून कमी दराने मिळतं. पुण्या-मुंबईच्या मालकाचा बंगला वर्षभर बंद असतो, बिल राखणदाराच्या हातात पडून राहतं आणि थकबाकीचा आकडा फुगतो. अशा मालकांना ऑनलाइन बिल पाठवून वेळेत वसूल करणं हे नवीन कर लावण्यापेक्षा किती तरी सोपं काम आहे, पण त्यात उद्घाटन नसल्यामुळे ते मागे पडतं.

कर आकारणीची फेरतपासणी साधारणतः दर चार वर्षांनी होते. तेव्हा आकारणी यादी प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी किमान तीस दिवस मिळतात. इथे आळस करू नका. हरकत लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीला हजर राहा. शेजारच्या तशाच बांधकामाचं भाडेमूल्य आपल्यापेक्षा कमी धरलं असेल तर तेच सर्वांत चांगलं मुद्द्याचं बोलणं. तीस दिवस गेल्यावर ‘अन्याय झाला’ म्हणून कितीही फिरलात तरी कायद्याचा हात आखडता असतो. पुढे अपील करायचं तर आधी बिलाची रक्कम भरावी लागते हेही ध्यानात असू द्या.

आणि एक गैरसमज कायमचा काढून टाका. घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, असं अजिबात नाही. कर हा वापरावर लागतो, परवानगी ही वेगळी गोष्ट. उलट अनधिकृत बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद याच कायद्यात आहे, आणि ती भरली तरी इमारत नियमित होत नाही. पाचगणीत फ्लॅट किंवा ‘फार्म हाऊस’ घेणाऱ्या बाहेरच्या माणसाला दलाल घरपट्टीची पावतीच पुढे करून दाखवतो. त्याला बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, झोन दाखला आणि मिळकत पत्रिका किंवा सातबारा मागा. पावती परत द्या.

इथून आपण नकाशाकडे वळतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रत्येक नगरपरिषदेला आपल्या हद्दीची विकास योजना करावी लागते. आधी योजना करण्याचा इरादा जाहीर होतो, मग विद्यमान जमीन वापराची पाहणी, मग प्रारूप योजना. कलम २६ खाली ते प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांना तीस दिवस. नंतर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. त्यानंतर योजना राज्याकडे मंजुरीला जाते. वीस वर्षांत एकदा तरी तिची फेरआखणी व्हायला हवी. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, १ जून १९९३ पासून, बारावी अनुसूची आली आणि तिच्यात नगरनियोजन हे पहिलंच काम लिहिलं. तरी मंजुरीची सही आजही मंत्रालयातच होते. शहराने आखायचं, मुंबईने ठरवायचं आणि खर्च पुन्हा शहराने करायचा, अशी ही वाटणी आहे.

पाचगणीवर त्याखेरीज दिल्लीचाही हात आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. क्षेत्र १२३.९६ चौरस किलोमीटर. त्यामुळे इथे डोंगरउतार, झाडं, झरे, टेबल लँडसारखी पठारं आणि इमारतींची उंची यांवर मैदानी शहरापेक्षा कडक बंधनं आहेत, आणि देखरेखीला उच्चस्तरीय समिती आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने जवळपास सगळ्या शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. साताऱ्यात, कराडात, वाईत वास्तुविशारद तीच नियमावली उघडतो. गिरिस्थान नगरपरिषदा आणि संवेदनशील क्षेत्रं मात्र तिच्यातून वगळली आहेत. ‘वाईला माझ्या मेहुण्याला एवढा चटई क्षेत्र निर्देशांक मिळाला, मला का नाही’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. वाईची फूटपट्टी पसरणीचा घाट चढून वर येत नाही.

याचा जमाखर्चाशी संबंध काय? मोठा आहे. पुणे किंवा पनवेलसारखं शहर वाढीव बांधकामावर चालतं. जादा चटई क्षेत्र द्यायचं, त्याचं अधिमूल्य घ्यायचं, विकास शुल्क घ्यायचं आणि त्यातून रस्ते करायचे. पाचगणीला हा मार्ग जवळजवळ बंद आहे, आणि तो बंदच राहावा असं माझं मत आहे. कारण बांधकामाचं शुल्क एकदाच मिळतं, त्या इमारतीचा कचरा आणि सांडपाणी मात्र पिढ्यान् पिढ्या उचलावं लागतं. जे काही विकास शुल्क येतं ते कायद्याप्रमाणे वेगळ्या विकास निधीत ठेवून सार्वजनिक सुविधांवरच खर्च करायचं असतं. ते तसं वेगळं ठेवलं आहे का आणि गेल्या तीन वर्षांत त्यातून काय झालं, ही विचारण्याजोगी पहिली गोष्ट.

दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आरक्षणांची. विकास योजनेत एखाद्या प्लॉटवर ‘वाहनतळ’ किंवा ‘बाग’ असा शिक्का बसला की मालकाला वाटतं जमीन गेली, आणि गावाला वाटतं वाहनतळ आला. दोघंही चुकतात. आरक्षण हे नगरपरिषदेचं देणं आहे, फक्त ते ताळेबंदात कुठेच लिहिलेलं नसतं. समजा वीस गुंठे, म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर जागा वाहनतळासाठी आरक्षित आहे आणि बाजारभाव चौरस मीटरला १५,००० रुपये आहे. जमिनीची किंमत तीन कोटी. २०१३च्या भूसंपादन कायद्याने त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे सहा कोटी. झाडं आणि बांधकाम असेल तर ते वेगळं. पंधरा हजार वस्तीच्या गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून असं एक आरक्षण ताब्यात घेणंही कठीण. मोठ्या शहरात मालकाला रोख रकमेऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देतात, मालक तो दुसरीकडे बांधकामात वापरतो किंवा विकतो. पाचगणीत मुळात वाढीव बांधकामालाच जागा नाही, तर तो हक्क घेऊन मालक काय करणार?

मग काय होतं? योजना मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली नगरपरिषदेला सूचना देऊ शकतो. पूर्वी त्यानंतर बारा महिन्यांची मुदत होती, २०१५च्या दुरुस्तीनंतर ती चोवीस महिने आहे. त्या अवधीत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. गावातले दोन पक्ष लक्षात घ्या. मालक असाल तर मंजुरीची तारीख, मालकीची कागदपत्रं आणि सूचनेची पोच नीट जपा, कारण कागद अपुरे असले की प्रकरण अडतं. साधे नागरिक असाल तर दरवर्षी एक यादी मागा: कोणती आरक्षणं दहा वर्षांची झाली, कोणत्या मालकांच्या सूचना आल्या, आणि त्यांच्यासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती तरतूद आहे. ‘भूसंपादन’ या शीर्षाखाली किरकोळ रक्कम टाकलेली दिसली, तर समजा की गावाने ती बाग आणि तो वाहनतळ मनातून सोडून दिला आहे. नवीन प्रारूप येईल तेव्हा हीच कसोटी लावावी. दहा वर्षांत पैसे उभे करता येतील तेवढीच आरक्षणं ठेवा, त्यांचा क्रम लावा. नकाशा हिरव्या-पिवळ्या चौकटींनी भरून टाकणं सोपं असतं. त्याने मालक छळला जातो आणि गावाला काही मिळत नाही.

हद्दीचा प्रश्नही इथेच सांगून टाकतो. पाचगणीच्या नावाने चालणारी बरीच हॉटेलं, कॅम्प आणि रिसॉर्ट प्रत्यक्षात आजूबाजूच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत. त्यांची पाटी ‘पाचगणी’ची, कर ग्रामपंचायतीला, पाहुणे फिरायला शहराच्या बाजारात. भिलारसारखं गाव स्ट्रॉबेरी आणि २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून स्वतःच्या नावावर पर्यटक आणतं, ती गोष्ट वेगळी. बाकीच्यांच्या बाबतीत उपाय हद्दवाढीचाच, असं काही जण म्हणतात. मला ते घाईचं वाटतं. हद्द वाढली की त्या गावांचे पाण्याचे आणि गटारांचे खर्चही अंगावर येतात. त्याआधी कचरा आणि सांडपाण्याची संयुक्त व्यवस्था करून ग्रामपंचायतींकडून वाटा घेणं जास्त शहाणपणाचं. कोणती सेवा कुणाची हेही माहीत असावं. घाटातून येऊन पोलादपूरकडे जाणारा मुख्य रस्ता राज्याचा आहे. वेण्णा तलावातून येणाऱ्या पाण्याचा कारभार महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. त्या खड्ड्यासाठी नगरसेवकाला आणि त्या नळासाठी मुख्याधिकाऱ्याला झोडपून फारसं काही हाती लागत नाही. तक्रार योग्य दारात गेली पाहिजे.

मग गर्दीचा खर्च कुणी भरायचा? ज्याने गर्दी केली त्याने, हे तत्त्व जगात हळूहळू मान्य होत आहे. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्या प्रवाशांना पाच युरो लावले. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून ई-पास आला, म्हणजे निदान किती गाड्या चढतात हे कळू लागलं. आपल्याकडे माथेरानला दस्तुरीवर माणशी कर घेतात, आणि पाचगणीला दांडेघर नाक्यावर गाडी अडवून पावती फाडली जाते. पर्यटक त्या पावतीवर चिडतो. त्याला ती खंडणी वाटते, कारण तिच्यावर पैशाचं काय होणार हे लिहिलेलं नसतं. स्थानिकांनी या नाक्याबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात. ठेका किती रकमेला दिला आहे, लिलावाची पायाभूत रक्कम ठरवताना गाड्यांची मोजणी झाली होती का, आणि ही जमा कुठल्या खर्चाला जोडली आहे. जमा साधारण निधीत विरघळली तर ती कुठल्याही बिलात जाते. स्वच्छतागृहं आणि कचरा यांना ती ठरावाने बांधून टाकली, तर पावती फाडणाऱ्यालाही चार शब्द ताठ मानेने सांगता येतील. रांगेत डिझेल जाळत उभ्या राहणाऱ्या गाड्यांकडून पर्यावरणाच्या नावाने पैसे घेणं हा विनोद आहे, तोही कधीतरी संपावा.

कचऱ्याचं उदाहरण मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण तिथे पाचगणीने करून दाखवलं आहे. कचरा डेपोच्या जागेवर ‘स्वच्छ भारत पॉइंट’ उभा राहिला आणि पर्यटक तो बघायला जाऊ लागले. स्वच्छ सर्वेक्षण २०२२ मध्ये एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत पाचगणी देशात पहिली आली. कराड तिसरं होतं, म्हणजे सातारा जिल्ह्याची दोन शहरं पहिल्या तिनात. आनंद रास्त आहे. पण जमाखर्चाच्या नजरेने बघणाऱ्याने भांडवली खर्च आणि महसुली खर्च हा फरक इथेच शिकून घ्यावा. यंत्रं, शेड, गाड्या हा भांडवली खर्च, तो अनुदानातून एकदा होतो. ती चालवणाऱ्या कामगारांचा पगार, वीज, डिझेल, दुरुस्ती हा महसुली खर्च, तो दर महिन्याला घरपट्टीच्या आणि शुल्काच्या पैशातून होतो. अनुदानाने आलेलं यंत्र तीन वर्षांत बंद पडून गंजलेलं कुठल्याही शहरात बघायला मिळेल, कारण घेताना चालवण्याचा खर्च कुणी मांडलेला नसतो. नवीन कामाचा ठराव सभेपुढे आला की एकच प्रश्न विचारा: हे चालवायला वर्षाला किती लागतील आणि ते कुठल्या शीर्षातून?

त्यातही मोठे कचरा करणारे वेगळे. २०१६च्या घनकचरा नियमांनी रोज शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या हॉटेल, शाळा, संस्था यांना आपल्या ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आवारातच लावायला सांगितलं. बोर्डिंग शाळांच्या भोजनगृहांचं आणि हॉटेलांचं गाव असलेल्या पाचगणीत हा नियम नीट पाळला गेला, तर एक नवीन कचरागाडी घेण्याचीही गरज पडू नये. घरोघरचं शुल्क वाढवायच्या आधी या मोठ्या आवारांची यादी आणि त्यांची तपासणी मागा.

आता अंदाजपत्रक हातात घ्या. जाडजूड असतं, पण सुरुवात सोपी आहे. प्रत्येक शीर्षापुढे तीन महत्त्वाचे रकाने: गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती, पुढच्या वर्षाचा अंदाज किती. शेवटचा रकाना ही इच्छा असते, पहिला रकाना ही वस्तुस्थिती. बातमीत छापून येतो तो शेवटच्याची बेरीज, आणि सोबत ‘शिलकी अंदाजपत्रक’ हे शब्द. नगरपरिषदांची अंदाजपत्रकं जवळपास नेहमीच शिलकी असतात, त्या शब्दाने हुरळून जाऊ नका. घरपट्टीच्या ओळीवर बोट ठेवा. गेल्या वर्षी मागणी किती होती, वसुली किती झाली, थकबाकी किती राहिली? पुढच्या वर्षी अंदाज दीडपट दाखवला असेल तर कारण विचारा. मग स्वतःच्या उत्पन्नाची बेरीज करा आणि आस्थापना खर्चाशी ताडून पाहा. पगार आणि पेन्शनच स्वतःच्या उत्पन्नाहून जास्त असतील तर उरलेल्या सगळ्या घोषणा अनुदानावर टेकलेल्या आहेत. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी पाच टक्के राखून ठेवायचे असतात. तरतूद दिसेलच, प्रत्यक्ष खर्चाचा रकाना रिकामा नाही ना एवढं बघा. अनुदान आणि ठेवींच्या ओळीत वर्षानुवर्षं अखर्चित पडलेली रक्कम सापडते. ती परत जाण्याआधी बोललेलं बरं.

वाचून प्रश्न पडले तर दार उघडं आहे. नगरपरिषदेची सभा सर्वसाधारणपणे नागरिकांना ऐकता येते आणि इतिवृत्ताची प्रत मागता येते. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अहवाल, त्यांतले आक्षेप आणि नगरपरिषदेने दिलेलं अनुपालन हे माहिती अधिकारात मिळतं, अर्जाला दहा रुपये आणि उत्तराला तीस दिवस. अर्ज करताना ‘पाच वर्षांचा सर्व खर्च’ असं मोघम मागू नका, ढीगभर कागदाचं बिल हातात पडेल आणि हाती काही लागणार नाही. एक वर्ष, एक शीर्ष, एक काम असं मागा. दाखले आणि परवानग्यांना उशीर होत असेल तर २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमात मुदत आणि अपील दोन्ही आहेत.

एकट्याने हे करणं जड जातं. आळीतली चार-पाच माणसं, त्यांत एक निवृत्त बँकवाला, एक हॉटेलवाला, एखादी शाळेतली गणिताची बाई आणि ज्याच्या जमिनीवर आरक्षण आहे असा एक जण, एवढे पुरेत. डिसेंबर-जानेवारीत, अंदाजपत्रक तयार होत असतानाच, आपल्या प्रभागाच्या सूचना लेखी द्या, कारण फेब्रुवारीच्या सभेत आकडे बहुधा ठरूनच आलेले असतात. आणि विकास योजनेच्या फेरआखणीचा इरादा वर्तमानपत्रात किंवा राजपत्रात जाहीर झाला, की ती जाहिरात कापून कॅलेंडरला टाचून ठेवा. हरकतीचे तीस दिवस प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून मोजले जातात, तुम्हाला कळल्यापासून नाहीत.